जिराफाच्या जागी तिसरं दार

९ जानेवारी

चिरंजीव फुटपट्टीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. घरात फोन असताना आत्या पत्र का लिहिते, तर फोनवर बोललं की हे ऐकतात. झटका आला तेव्हापासून यांच्या डाव्या अंगानं संप पुकारलाय, पण कान दोन्ही कामावर हजर आहेत. मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं. आणि जे सांगायचंय ते कोणाशी बोलायचं नाही अशी यांनी मला शपथ घातली आहे. बोलायचं नाही, एवढंच म्हणाले होते. लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

आपल्या चिमीचं लग्न दहा मेला ठरलंय, हे तुला तिनंच कळवलं असेल. ती नोकरी करते त्याच गावात, नोंदणी करून, मग दुपारी सगळ्यांचं जेवण. इथून गाडीनं चार-पाच तासांचा रस्ता. आणि मुलीचा बाप म्हणतो, "तू जाऊन ये. मला प्रवासाचा कंटाळा आलाय." ज्या माणसानं उभा जन्म लांब पल्ल्याची बस चालवली त्याला प्रवासाचा कंटाळा! उद्या मासा म्हणेल, मला पाण्याचा कंटाळा आलाय.

खरं कारण तुमच्या महामार्ग खात्याच्या मधल्या थांब्यावर आहे. गेल्या वर्षी आम्ही चिमीकडे निघालो होतो. थांब्यावर स्वच्छतागृहाला दोन दारं. एकावर बाई काढलेली, एकावर बुवा. आता यांना आत न्यायचं, विजार सोडायची, बसवायचं, उठवायचं, परत नाडी बांधायची, हे सगळं करते मी. मग मी शिरायचं कोणत्या दारानं? यांना बायकांच्यात नेलं तर बायका ओरडणार, मी पुरुषांच्यात गेले तर पुरुष. हे म्हणाले, "जातो मी एकटा." चाकांची खुर्ची दाराशी सोडून भिंत धरत गेले. बऱ्याच वेळानं आतून माझ्या नावानं हाक आली. शिरले मी. आतला एक मिशाळ माणूस अशी किंकाळी फोडून पळाला की जणू वाघीणच आली. रखवालदार धावला, माणसं गोळा झाली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ओल्या विजारीनं, माझ्या खांद्यावर हात टाकून हे बाहेर आले, आणि गर्दीतला एक जण म्हणतो, "अहो, तुम्ही आमच्या बसचे ड्रायव्हरसाहेब ना?"

हे म्हणाले, "नाही. तुमची काहीतरी चूक होतेय."

त्या दिवशी मी रडले रे. आम्ही तिथूनच माघारी फिरलो. तेव्हापासून हे फाटकाबाहेर पडलेले नाहीत.

तर त्या थांब्याचं नव्यानं बांधकाम चाललंय आणि त्यावर इंजिनियर तू आहेस, असं तुझी आई म्हणाली. तिथे तिसरं दार हवं. आत नवरा-बायको, आई-मुलगा, बाप-लेक कोणीही बरोबर जाऊ शकेल आणि कोणी किंकाळ्या मारणार नाही, असं. मे उजाडायच्या आत. तुझं उत्तर आलं की मी यांना सांगणार, तुझ्यासाठी मुलगी बघतेय, त्याचीच पत्रापत्री चाललीय. तेव्हा पाकिटावर हसरं काहीतरी काढ.

लोभ आहेच. तो वाढवू नकोस, एक खोली वाढव.

तुझी आत्या


२१ जानेवारी

आत्यास साष्टांग नमस्कार. साष्टांगच, कारण कामावर पाठ धरली आहे आणि तसाही आडवाच आहे.

पत्र वाचून आधी हसलो आणि मग हसू आवरतं घ्यावं लागलं. आतोबांच्या बसच्या पुढच्या सीटवर बसायला मिळावं म्हणून मी लहानपणी खोटं खोटं आजारी पडायचो. त्यांनी कोणाला तरी "मी तो नव्हे" म्हणावं, हे मला सहन होत नाही.

पण आत्या, मी इंजिनियर असलो तरी मंजूर नकाशात एक वीट इकडची तिकडे करायची तर मोठ्या साहेबांची सही लागते. नकाशात दोनच दारं आहेत. कोपऱ्यात जागा उरते, ती साहेबांनी स्वतः भरली आहे. तिथे सिमेंटचा जिराफ उभा राहणार आहे. खराखुरा जिराफ असतो ना, तेवढा उंच. लोकांनी त्याच्या पायात उभं राहून फोटो काढायचे. मी तिसऱ्या दाराचा विषय काढून बघितला. साहेब म्हणाले, "सगळ्या कुटुंबानं मिळून आत जायचं? ही काय सहल आहे?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की पुढे बोलायची सोय राहिली नाही.

मी सुट्टी काढून तुमच्याबरोबर येतो. आतोबांना मी आत नेईन. मग तर झालं?

तुझा फुटपट्टी

ता. क. पाकिटावर फूल काढलंय. ते फ्लॉवरसारखं दिसत असेल तर माफ कर.


२ फेब्रुवारी

फुटपट्टी,

फूल नव्हतं ते, फ्लॉवरच होता. हे म्हणाले, "मुलीकडच्यांचा भाजीचा धंदा आहे का?"

तू येऊन काय करणार? पहिलं म्हणजे यांना कळेल की मी तुला सांगितलंय. दुसरं म्हणजे हे तुला हात लावू देणार नाहीत. घरात मदतनीस ठेवला होता, त्याला दुसऱ्या दिवशी पळवून लावला. "परक्या माणसानं माझी नाडी बांधायची? त्यापेक्षा धोतर गुंडाळून कोपऱ्यात बसेन." तू परका नाहीस, पण तुला यांनी मांडीवर बसवून बसचा हॉर्न वाजवायला दिलेला आहे. तुझ्यासमोर तर मुळीच नाही. हट्ट असा की तो मोजायला तुझी फुटपट्टीही पुरायची नाही.

आणि आता प्रकरण वेगळ्याच घाटात शिरलंय. काल चिमीचा फोन आला. जावई होणारा बालवाडीचा मास्तर आहे, तुला माहीत आहे. गेल्या खेपेला तो इथे आला तेव्हा यांनी त्याला "आणि मुख्य काम काय करता?" असं विचारलं होतं. ते तिच्या मनात राहिलंय. रडत म्हणाली, "आई, बाबांना हा पसंत नाही म्हणून ते येत नाहीत ना? स्पष्ट सांग." मी फोन यांच्या हातात दिला. हे काय म्हणाले? "तुला जे समजायचं ते समज."

मी नंतर यांच्यावर कडाडले. तर शांतपणे म्हणतात, "तिला चिडका बाप चालेल. ओला बाप नको."

ऐकलंस? दारावर एक पाटी कमी आहे म्हणून आमच्या मुलीला आयुष्यभर वाटणार, की बापानं तिच्या लग्नावर बहिष्कार टाकला. आणि तू मला जिराफाच्या गोष्टी सांगतोस. जिराफाला नाडी असते का?

तुझ्या साहेबाला नातवंडं आहेत का ते बघ. एखादी नात असेल, चार-पाच वर्षांची, तर साहेबाला रविवारी काम बघायला बोलाव. नातीला घेऊनच या म्हणावं, जिराफ कुठे येणार ते दाखवतो. आणि पोरीला सरबत पाज. भरपूर पाज. बाकीचं निसर्ग बघून घेईल.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

तू सरकारात असायला हवी होतीस. किंवा तुरुंगात.

नात आहे. साडेचार वर्षांची, दोन शेंड्या, आणि आजोबांवर हुकूम चालवण्यात पटाईत. रविवारी दोघं आले. मी तिला आंब्याचं सरबत दिलं, मग संत्र्याचं दिलं, मग "जिराफाला काय आवडतं माहीत आहे का?" असं विचारून पुन्हा आंब्याचं दिलं. साहेब मला म्हणाले, "मुलांची फार आवड दिसते तुम्हाला." मी मान खाली घातली.

अर्ध्या तासात पोरीनं पाय एकमेकांत गुंफले आणि जाहीर केलं, "आजोबा, आली." साहेब तिला घेऊन जुन्याच स्वच्छतागृहात बुवाच्या दारानं आत गेले आणि तसेच परत आले. पोरगी ठणकावून सांगत होती, "तिथे काका लोक उभे आहेत. मी नाही जाणार." मग साहेब बाईच्या दाराशी गेले. आत तर जाता येईना. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना म्हणायला लागले, "ताई, जरा हिला नेता का? ताई, एक मिनिट..." बायका संशयानं बघून लांबून जायला लागल्या. खात्याचा सर्वांत मोठा अधिकारी, आत्या, ज्याला बघून आम्ही खुर्चीवरून उठतो, तो घामाघूम होऊन अनोळखी बायकांच्या विनवण्या करत होता. आणि शेवटी एक ताई थांबली तेव्हा पोरगी म्हणाली, "अनोळखी माणसांबरोबर जायचं नाही, तुम्हीच सांगितलंय!"

शेवट कुठे झाला विचार. जिराफाच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात.

 सोमवारी सकाळी साहेबांनी नकाशा मागवला, जिराफावर लाल फुली मारली आणि विचारलं, "ते तुमचं सहलीचं काय होतं?"

तर खोली मंजूर आहे. रुंद दार, आत चाकांची खुर्ची फिरवायला जागा, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, लहान मुलांसाठी ठेंगणं भांडं, बाळाचे कपडे बदलायला फळी. मला आतोबांच्या खुर्चीचं माप पाठव. एप्रिलअखेर काम संपेल, मी जातीनं उभा राहीन.

आता वाईट बातमी. साहेबांना ही खोली इतकी आवडली आहे की त्यांनी मोठे पाहुणे बोलावून उद्घाटन ठेवलंय, मेच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर दाराला कुलूप. "फीत कापायच्या आधी कोणी पाय ठेवायचा नाही," हा हुकूम. मी मार्ग शोधतोय, पण सापडलेला नाही. तू तिथे येऊन कुलूप फोडू नकोस, मी तुला ओळखतो.

फुटपट्टी


९ मार्च

चिरंजीव फुटपट्टीस आतोबाचे आशीर्वाद.

माझं पत्र पाहून घाबरला असशील. अक्षर वाकडं आहे, कारण कागद धरायचं काम डाव्या हाताचं आणि तो संपावर. वर बशी ठेवून लिहितोय. तुझी आत्या बाजारात गेली आहे.

ती मला सांगते की तुझ्यासाठी मुलगी बघतेय. मुलगी बघणारी बाई माझ्या खुर्चीची रुंदी शिवणाच्या टेपनं कशाला मोजेल? शिवाय तिला पत्र मनात वाचता येत नाही. ओठ हलवत, पुटपुटत वाचते, आणि सरबताच्या जागी तर मोठ्यानं हसली. मी बाहेरच्या खोलीत बसून सगळं ऐकलं. तुझ्या साहेबाची दया आली. त्याहून जास्त हसू आलं.

तिला सांगू नकोस की मला कळलंय. शपथ मोडली म्हणून ती खजील होईल, आणि खजील झाली की आठवडाभर भाजीत मीठ नसतं.

मला लग्नाला जायचंय. हे मी तिच्याजवळही बोललेलो नाही. चिमीला मी त्या दिवशी फोनवर जे बोललो, ते मला बोलायचं नव्हतं. मी हजारो माणसांना त्या थांब्यावर उतरवलंय. स्टेअरिंगवर बसून घड्याळ बघायचो आणि ओरडायचो, "दहा मिनिटं! उशीर झाला तर गाडी थांबणार नाही!" म्हातारे, लेकुरवाळ्या बायका धावत यायच्या. आत त्यांचं काय होत असेल, हा विचार एकदाही डोक्यात आला नाही. आता मला नुसतं उठून उभं राहायला पाच मिनिटं लागतात.

पण मी कोणाची दया म्हणून त्या खोलीत जाणार नाही. "बिचारे आजोबा, उघडा रे कुलूप," असं कोणी म्हटलं तर मी गाडीतून उतरणार नाही, हे आधीच सांगतो. दुसरा काही मार्ग असेल तर बघ. तू हुशार आहेस. फूल तेवढं काढू नकोस.

आतोबा


२ एप्रिल

महामार्ग खाते, बांधकाम विभाग

प्रति, निवृत्त बसचालक महोदय

विषय : कुटुंब स्वच्छतागृहाची प्रत्यक्ष वापर-चाचणी

महोदय,

मधल्या थांब्यावर नव्यानं बांधल्या जात असलेल्या कुटुंब स्वच्छतागृहाचं उद्घाटन होण्यापूर्वी त्याची वापर-चाचणी होणं आवश्यक आहे. पुलावरून वाहनं सोडण्याआधी भरलेला ट्रक उभा करून पूल तपासला जातो, त्याच धर्तीवर. चाचणीसाठी चाकांची खुर्ची वापरणारी, या मार्गाची माहिती असलेली आणि स्पष्ट बोलणारी व्यक्ती हवी आहे. सबब आपली नेमणूक करण्यात येत आहे. चाचणी ९ मे रोजी सकाळी करावी. सोबत एक सहायक आणावा. चाचणीनंतर उणिवांचा लेखी अहवाल पाठवावा. अहवालात भिडेखातर काही लपवू नये.

(मोठ्या साहेबांची सही)

आतोबा, हे मागच्या बाजूला माझ्या हातानं. कागद खरा आहे, सही खरी आहे. चाचणीचा नियमही खराच, फक्त आजवर कोणी पाळला नव्हता. साहेबांनी विचारलं, "हे गृहस्थ कोण?" मी म्हटलं, "या रस्त्यावर जन्मभर बस चालवलेले." ते म्हणाले, "मग ते आपल्या चुका काढतील." मी म्हटलं, "नक्की काढतील." त्यांनी सही केली. आम्ही खरोखरच चुका केल्या असणार. त्या काढायला या.


११ एप्रिल

फुटपट्टी,

तू काय जादू केलीस रे! खात्याचा लखोटा आला तेव्हा हे चहा पीत होते. वाचला, पुन्हा वाचला, मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाले, "कामगिरीवर जायचंय. आता नाही म्हणता येत नाही." मग घसा खाकरून, "तसं चिमीचं गाव पुढेच आहे. जाऊ तसेच पुढे."

मी चेहरा कोरा ठेवला. मला चिमटे काढून घ्यावे लागले.

ट्रंकेतून ड्युटीचा खाकी शर्ट निघालाय. पोटावर बसत नाही, पण हे म्हणतात, "बटणं लावायची नाहीत." रोज मला सहायक म्हणून हाक मारतात. "सहायक, चष्मा." "सहायक, पाणी." लग्न पार पडेपर्यंत ऐकून घेते, मग बघते.

यांना अजून वाटतंय की आपली पत्रं मुलीसाठीच होती. भोळा शंकर आहेत अगदी.

चिमीला मी फक्त "बाबा येताहेत" एवढंच कळवलं. तिनं विचारलं, "मनापासून की तू ओढून आणतेस?" मी म्हटलं, "खात्यानं पाठवलंय." तिला काही बोध झाला नाही. आता बापलेक समोरासमोर आले की काय होतं, हीच धाकधूक आहे.

आत्या (सहायक)


१३ मे

मोठे साहेब आणि चि. फुटपट्टी यांना, चाचणीचा अहवाल.

ठरल्याप्रमाणे मी व सहायक ९ मे रोजी सकाळी थांब्यावर पोहोचलो. व्यवस्थापक बाईंनी आमचा कागद बघून कुलूप काढलं. "बिचारे" वगैरे कोणी म्हणालं नाही. दार उत्तम. खुर्ची आत फिरते. दांडा घट्ट आहे, मी पूर्ण भार टाकून पाहिला. कपडे अडकवायचा खुंटा इतका उंच आहे की तो बहुधा जिराफासाठीच राहून गेला असावा. खाली घ्यावा.

मुख्य उणीव दिव्याची. तो माणसाची हालचाल बघून लागतो आणि हालचाल थांबली की विझतो, असं बाई म्हणाल्या. ज्यानं तो बसवला तो घाईचा माणूस आहे. मी बसलो होतो आणि दिवा गेला. ठार अंधार. सहायकानं हात हलवले, लागला. परत गेला. शेवटी सहायक माझ्यासमोर उभी राहून दोन्ही हात हवेत हलवत राहिली, कंडक्टर बस मागे घेताना करतो तसे. "येऊ द्या, येऊ द्या" असंही म्हणाली. आम्ही दोघं इतके हसलो की बाहेरून बाईंनी दार ठोठावलं, "सगळं ठीक आहे ना?" आजारपणानंतर आम्ही दोघं मिळून असे प्रथमच हसलो. दिवा दुरुस्त करावा. घाई नाही.

वेळ किती लागला ते लिहीत नाही. मोजला नाही.

येथवर साहेबांसाठी. पुढचं पान फाडून फुटपट्टीनं एकट्यानं वाचावं. दुसऱ्या दिवशी तू उगवलास तो जेवणाच्या पंगतीला, त्यामुळे तुला अर्धंच माहीत आहे.

आम्ही चिमीकडे पोहोचलो तेव्हा ती दारात उभी होती. "आलात?" एवढंच म्हणाली, परक्यासारखं. मग मी गाडीतून उतरायच्या आधीच तिला सगळं सांगून टाकलं. थांबा, ओली विजार, मी ओळख नाकारली ते, सगळं. सहायक तोंडाला पदर लावून उभी. चिमीनं माझ्या खांद्यावर एक रट्टा दिला, चांगल्या खांद्यावर, आणि ढसाढसा रडली. म्हणाली, "बाबा, मला वाटत होतं तुम्हाला तो आवडत नाही म्हणून येत नाही."

मी म्हटलं, "आवडत नाहीच. पण त्याचा आणि याचा काही संबंध नाही."

ती रडता रडता हसली. खोटं कशाला बोलू? बालवाडीत गाणी म्हणणारा दाढीवाला माणूस मला काही पटत नव्हता.

लग्नाच्या दिवशी नोंदणी झाली, सह्या झाल्या आणि मला लघवीला जायची वेळ आली. सहायक बायकांच्या गराड्यात, हाका मारल्या तरी ऐकेना. माझा चेहरा कोणी वाचला, तर नवरदेवानं. गळ्यातला हार काढून त्यानं कोणाच्या तरी हातात दिला, माझी खुर्ची वळवली आणि विचारलंही नाही, सरळ निघाला. मी म्हटलं, "अहो, तुम्ही नको, आज तुमचं लग्न आहे." तो म्हणाला, "बाबा, मी रोज वीस जणांना नेतो. तुम्ही एकविसावे."

त्यानं सगळं केलं. बोलत बोलत, इकडचं तिकडचं, पण माझ्याकडे न बघता. नाडी बांधली तीसुद्धा नीट, तुझी आत्या करकचून बांधते तशी नाही. मला लाज वाटायची होती, पण ती वाटायला फुरसतच मिळाली नाही. शेवटी सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "शाब्बास!" आणि त्यानं जीभ चावली. कानापर्यंत लाल झाला.

बाहेर आल्यावर मी चिमीला बोलावून घेतलं आणि तिच्या कानात सांगितलं, "पसंत आहे."

आतोबा